पिशवीच्या तोंडाचा टाका जगाला देणारे डॉ. शिरोडकर!

जळगाव असो की धुळे, गरोदर सुनेच्या पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातले घाबरतात. पण हाच टाका लंडन-न्यूयॉर्कच्या दवाखान्यांतही एका मराठी आडनावाने ओळखला जातो, हे किती जणांना माहीत आहे?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा गावचा. (मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं, ते सिंधुदुर्गात!) तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. डॉक्टरकी त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात केली. १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले आणि पुढे त्याच कॉलेजात स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तिथे त्यांच्यासमोर अशा बायका येत, ज्यांना दिवस जायचे, पण चौथ्या ते सातव्या महिन्यात पोट पडायचं. एकदा नाही, चार-चार वेळा. काहींचं तर नऊ ते अकरा वेळा. ना आराम कामी यायचा, ना हार्मोनची औषधं. घरी मात्र ठरलेलं असायचं की बाईनेच जड उचललं असेल, नाहीतर कुणाची नजर लागली असेल.

शिरोडकरांनी शोध घेतला तो पिशवीच्या तोंडाचा. नऊ महिने घट्ट मिटून राहायला हवं असं हे तोंड काही बायकांत कमकुवत असतं. कधी जन्मतः, कधी आधीच्या बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये इजा झाल्यामुळे. गर्भाचं वजन वाढलं की ते उघडू लागतं, तेही बहुतेकदा कळा न येता. त्यामुळे बाईला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हा दोष तसा विरळाच, शंभर गरोदर बायकांत जेमतेम एकीला.

त्यांचा उपाय ऐकायला सोपा वाटतो, करायला नव्हता. मूत्राशय थोडं वर सरकवायचं, पिशवीच्या तोंडाचा आतला भाग गाठायचा आणि तिथे भोवती पट्टी आवळून बांधायची. ही पट्टी त्यांनी सुरुवातीला त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्यातून काढली! १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी मॅकडोनाल्ड या डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातून आणखी सोपा टाका सुचवला. आज दोन्ही टाके वापरात आहेत.

अर्थात प्रत्येक गर्भपातावर हा इलाज नाही. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, तिथे टाक्याचा उपयोग होत नाही.

शिरोडकरांचं दुसरं मोठं काम त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे. अंग बाहेर येण्याच्या त्रासात पिशवी काढून टाकली की पुढे मूल होण्याचा प्रश्नच संपतो. तरुण बाईसाठी ही फार मोठी किंमत. त्यांनी पिशवी न काढता ती पट्टीने वर ओढून धरण्याचं ऑपरेशन बसवलं. बंद गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी काम केलं. एकीकडे मूल हवं असलेल्यांसाठी हा खटाटोप, तर दुसरीकडे कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही ते सुरुवातीपासून होते.

१९६० मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

आता मांडीतल्या पडद्याऐवजी कृत्रिम धाग्याची पट्टी वापरतात. टाका साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात आणि नववा महिना लागला, की काढतात.