रडारच्या पाठीशी उभा राहिलेला बँकर

दुसऱ्या महायुद्धातील विज्ञानाचा विषय निघाला, की चर्चा अणुबॉम्बपाशी येऊन थांबते. रडारचे नाव निघालेच, तर ब्रिटनच्या वॉटसन-वॅट यांचा उल्लेख होतो. आल्फ्रेड ली लूमिस यांची आठवण क्वचितच कोणाला होते. एकेकाळी वॉल स्ट्रीटवर दबदबा असलेल्या या धनाढ्य गृहस्थाला स्वतःलाही प्रसिद्धीचे वावडे होते. मात्र ट्रेलरवर बसवून आघाडीवर नेता येणाऱ्या अमेरिकी रडारची कथा त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

लूमिस यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. येल विद्यापीठात शिक्षण झाल्यावर त्यांनी हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. पहिल्या महायुद्धात अॅबरडीन येथील तोफखान्याच्या चाचणी केंद्रावर असताना त्यांनी तोफगोळ्याचा वेग मोजणारे उपकरण तयार केले. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो तेथेच. युद्धानंतर मेहुणे लँडन थॉर्न यांच्यासह त्यांनी बॉनब्राइट ही वित्तसंस्था हाती घेतली. गावोगाव वीज पोहोचवणाऱ्या कंपन्यांना भांडवल उभे करून देणे हा तिचा मुख्य व्यवसाय होता. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, तेव्हा या दोघांनी आपले बहुतांश समभाग आधीच विकून टाकले होते. इतरांची घरेदारे लिलावात निघत असताना लूमिस अधिकच श्रीमंत झाले.

हा पैसा त्यांनी प्रयोगशाळेत ओतला. न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीत १९२६ मध्ये त्यांनी एक प्रासादतुल्य घर घेतले आणि तेथे स्वखर्चाने संशोधन सुरू केले. आइन्स्टाइन, बोर, फर्मी असे पाहुणे तेथे येत. श्रीमंतांच्या छंदांपैकी हा एक, असे शेजाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही; परंतु श्राव्यातीत ध्वनी आणि मेंदूतील विद्युतलहरी यांवर तेथे झालेले काम अस्सल होते.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि लूमिस यांनी सारे लक्ष सूक्ष्मलहरींकडे वळवले. त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ट्रकवर लहानसे रडार उभारले. रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींचा वेग ते मोजू शकत असे. (महामार्गावर पोलिसांच्या रडार गनने पकडलेल्या वाहनचालकांचा या तत्त्वाशी परिचय झालेलाच आहे.) विमानही त्यात दिसे, मात्र ते दोन-तीन किलोमीटरच्या आत असले तरच. क्लायस्ट्रॉन या नळीतून मिळणारी शक्ती फारच तोकडी होती.

हे कोडे ब्रिटनने सोडवले होते. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तयार केलेला मॅग्नेट्रॉन घेऊन सर हेन्री टिझार्ड यांचे शिष्टमंडळ सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत आले. दहा सेंटिमीटर तरंगलांबीवर ही मुठीएवढी वस्तू सुमारे १० किलोवॅट शक्ती देत होती. सरकारी सूक्ष्मलहर समितीचे अध्यक्ष म्हणून लूमिस यांनी ती पाहिली आणि तिचे मोल त्यांना तत्काळ उमगले. ऑक्टोबरमध्ये टक्सिडो पार्क येथे शास्त्रज्ञ आणि कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र आले. बेल, जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाऊस आदी कंपन्यांना महिनाभरात सुटे भाग देण्यास सांगण्यात आले. केंब्रिजच्या एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी सुरू झाली. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन हे लूमिस यांचे नातेवाईक होते, हेही येथे सांगायला हवे. लोकांनी न निवडलेल्या एका व्यक्तीने इतके निर्णय घ्यावेत का, हा प्रश्न शांततेच्या काळात नक्कीच विचारला गेला असता.

पैशाचा पेच लवकरच उभा राहिला. १९४१ मध्ये सरकारी निधी लांबला आणि नव्याने गोळा केलेल्या तरुण शास्त्रज्ञांचे पगार थकण्याची वेळ आली. ते पांगले असते, तर त्यांना पुन्हा एकत्र आणणे अशक्य होते. तेव्हा एमआयटीने पाच लाख डॉलर्सची हमी दिली आणि जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी आणखी पाच लाखांची. पुढे सरकारी तरतूद झाली आणि प्रयोगशाळा तगली. यंत्रांच्या इतिहासात असे प्रसंग सहसा तळटिपेत जातात. वस्तुतः त्यांची जागा मुख्य मजकुरात आहे.

प्रयोगशाळेच्या पहिल्या तीन प्रकल्पांपैकी एक विमानवेधी तोफांसाठीच्या रडारचा होता. इव्हान गेटिंग आणि लुई रिडनूर यांच्या गटाने विमानाचा आपोआप माग काढणारे रडार ट्रकवर सिद्ध केले आणि एप्रिल १९४२ मध्ये लष्कराने हजारांहून अधिक संचांची मागणी नोंदवली. एससीआर-५८४ हे त्याचे नाव. सारी यंत्रणा एका बंदिस्त ट्रेलरमध्ये मावत असे आणि प्रवासात छतावरची तबकडीही आत घेता येई. विमान सुमारे ३० किलोमीटरच्या टप्प्यात आले, की तबकडी स्वतःहून त्याच्यामागे फिरू लागे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर हे संच उतरले. जर्मनांनी जुनी, लांब लहरींची रडारे निकामी केली होती. या संचापुढे त्या क्लृप्त्या चालल्या नाहीत. त्याच वर्षी लंडनवर व्ही-१ हे उडते बॉम्ब येऊ लागले. तोफा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हलवून त्यांना हे रडार, बेलचे गणनयंत्र आणि लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांची जोड देण्यात आली. पहिल्या आठवड्यात १७ टक्के बॉम्ब पाडले गेले होते; ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात हे प्रमाण ७४ टक्क्यांवर पोहोचले.

लांब पल्ल्याच्या नौकानयनासाठी लोरान ही यंत्रणा सुचवली, तीही लूमिस यांनीच. युद्ध संपताच १९४५ मध्ये त्यांनी घटस्फोट घेऊन दुसरा विवाह केला. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळाला ते रुचले नाही, आणि लूमिस यांनीही त्या वर्तुळाकडे पुन्हा फारसे पाहिले नाही. ११ ऑगस्ट १९७५ रोजी ईस्ट हॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. एससीआर-५८४ चे ट्रेलर मात्र युद्धानंतरही अनेक वर्षे अमेरिकेत अग्निबाणांचा माग काढण्यासाठी आणि हवामान संशोधनासाठी वापरले जात होते.