नाना शंकरशेटांची शाळा

मुंबईत नाना शंकरशेटांचे नाव निघाले की पहिली आठवण होते ती आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि ती आणण्याच्या खटपटीत नाना होते, एवढे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आता मेट्रोच्या एका भुयारी स्थानकालाही त्यांचे नाव मिळाले आहे. एकंदरीत नानांची सोय आपण वाहतूक खात्यात लावून दिली आहे. मला मात्र नाना आठवतात ते निराळ्याच निमित्ताने. पालिकेची एखादी मराठी शाळा पटाअभावी शेजारच्या शाळेत विलीन झाली, अशी चार ओळींची बातमी वाचली की मला हा माणूस आठवतो. कारण या बातमीची सुरुवात त्यांच्या हयातीत, त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या विरोधाला न जुमानता झालेली आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ, पेढी मुंबईत. घराणे कोकणातून आजोबांच्या काळात इकडे आले आणि वडील शंकरशेट यांनी व्यापारात पैसा असा मिळवला की मुलाला जन्मभर पैशाची ददात पडली नाही. १८२२ साली वडील वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. त्या वयात हाती आलेल्या इस्टेटीचे काय होते, हे बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ पाहिले आहे. नानांनी पेढी सांभाळली आणि उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणात घातले.

वडील गेले त्याच वर्षी मुंबईत देशी मुलांसाठी शाळा काढणारी आणि शाळेची पुस्तके तयार करणारी एक मंडळी स्थापन झाली. १८२७ मध्ये तिचेच नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. गव्हर्नर एल्फिन्स्टन पाठीशी, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस चिटणीस, आणि एतद्देशीयांत नाना. या मंडळींपुढची अडचण आज कल्पनेतही यायची नाही: शाळा काढायच्या, पण शिकवायला छापील पुस्तकच नव्हते! मग सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठीत आणली, जर्व्हिसने गणिताची पुस्तके मराठीत केली, बाळशास्त्री जांभेकर सोसायटीचे काम पाहू लागले. शिक्षकही नव्हते, तेव्हा तेही तयार करावे लागले. पहिली तुकडी १८२६ साली बाहेर पडून गुजरात, कोकण आणि देशावर गेली. १८४० पर्यंत सोसायटीच्या शाळा शंभरावर गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगितली तर आजच्या वाचकाला खरी वाटणार नाही. १८२३ च्या सुमारास मुंबईत याच जर्व्हिसच्या देखरेखीखाली एतद्देशीय मुलांना इंजिनिअरिंगचे शिक्षण दिले जात होते आणि ते मराठी-गुजरातीतून दिले जात होते. भूमिती, मोजणी, बांधकाम, सारे मराठीतून. मराठीत शास्त्रे शिकवता येत नाहीत हे आपल्याला जन्मापासून ऐकवले जाते. नानांच्या तरुणपणी ती शिकवली जात होती.

१८४० मध्ये सोसायटीच्या शाळा सरकारने नेमलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेल्या. बोर्डावर तीन हिंदी सभासद होते: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक मराठी बोलणारा हिंदू, एक गुजराती बोलणारा पारशी आणि एक कोकणी मुसलमान. १८४३ मध्ये अध्यक्ष म्हणून सर अर्स्किन पेरी आले. हायकोर्ट व्हायच्या आधीच्या सुप्रीम कोर्टाचे हे न्यायाधीश. गृहस्थ विद्वान आणि स्वच्छ, पण हिशेब त्यांचा वेगळा होता. सरकारजवळ पैसा थोडा. तेवढ्यात सगळ्यांना थोडेथोडे शिकवण्यापेक्षा वरच्या थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे, मग ते ज्ञान झिरपत खाली जाईल, असे त्यांचे मत. १८४७ च्या सुमारास हा वाद बोर्डात पेटला.

नानांनी लेखी विरोध नोंदवला. त्यांचे म्हणणे मी माझ्या शब्दांत सांगतो. परकी भाषा पक्की करण्यातच ज्याची उमेदीची वर्षे जाणार, त्या गरीब मुलाला त्या भाषेतून विद्या कधी मिळायची? ती मिळेल फार थोड्यांना. सर्वांना शिकवायचे तर त्यांच्या भाषेतूनच शिकवले पाहिजे, आणि त्यासाठी त्या भाषेत पुस्तके केली पाहिजेत. इंग्रजीला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी करणाऱ्यांत ते होते, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या मागेही ते होते. इंग्रजी शिकणे आणि सगळे इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी ते वेगळ्या मानत होते, इतकेच.

फ्रामजी, मकबा आणि जर्व्हिस नानांच्या बाजूला राहिले. जर्व्हिस तोवर कर्नल झाला होता. तिन्ही धर्मांची, दोन-तीन भाषांची माणसे एकत्र आणि अध्यक्ष विरुद्ध! वाद सरकारकडे गेला आणि १८५० साली सरकारने मधला मार्ग काढला: खालचे शिक्षण देशी भाषांतून, वरचे इंग्रजीतून. ऐकायला हा तोडगा समजूतदार वाटतो. माझ्या मते त्यानेच घात केला. मराठी ही त्या दिवसापासून पुढे जाताना मागे टाकायची भाषा ठरली आणि मराठी शाळा ही ज्यांना पुढे जाता येत नाही त्यांची.

नाना रुसून घरी बसले नाहीत. वाद चालू असतानाच, १८४९ मध्ये, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. एल्फिन्स्टनचे हे विद्यार्थी फुकट शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांच्यातच होते. मुलींच्या शाळेला जागा कोण देणार? नानांनी गिरगावातल्या स्वतःच्या वाड्यात दिली. सनातन्यांनी गिल्ला केला, नानांनी तो ऐकून घेतला आणि शाळा चालू ठेवली. पुढे १८५७ मध्ये त्यांनी गिरगावात आपली शाळा काढली ती अँग्लो-व्हर्नाक्युलर, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेली. त्याच वर्षी बंडवाल्यांना सामील असल्याचा संशय त्यांच्यावर घेतला गेला. चौकशीत काही निघाले नाही. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले.

नानांच्या जमाखर्चात एक मोठी रक्कम नावे पडते, तीही सांगितली पाहिजे. सर्वांचे शिक्षण म्हणताना त्या काळच्या या मंडळींच्या सर्वांत महार-मांग फारसे बसत नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तो नानांच्याच हयातीत. पुण्यात जोतीराव फुले त्या मुलांसाठी शाळा चालवत होते आणि १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सरकारी पैसा वरच्यांवर उधळला जातो हे त्यांनीच ठणकावून मांडले. ज्ञान झिरपत नाही हे नानांना भाषेच्या बाजूने कळले होते, जोतीरावांना जातीच्या बाजूने.

आज मुंबईत हे दोन्ही हिशेब एकाच शाळेच्या इमारतीत भेटतात. मी पालिकेच्या शाळेत शिकलो तेव्हा चाळीतल्या कारकुनाचा आणि गिरणीकामगाराचा मुलगा एका बाकावर असे. आज पालिका आठ भाषांतून शाळा चालवते, वह्या-पुस्तकांपासून गणवेशापर्यंत सगळे फुकट देते. २०२४-२५ चा तिचा शिक्षणाचा अर्थसंकल्प साडेतीन हजार कोटींच्या आसपास होता. तरी मराठी वर्ग रिकामे होतात आणि २०२० पासून काढलेल्या सीबीएसई शाळांत पालक मुले घालू पाहतात. लोक पालकांना नावे ठेवतात. मला ते पटत नाही. बँकेची शाखा बुडते ती तिजोरीत पैसा नसतो म्हणून नव्हे; शाखाधिकाऱ्याचेच खाते दुसऱ्या बँकेत आहे हे गिऱ्हाइकांना कळते म्हणून. धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे नेमके कळलेले असते. नगरसेवकाची, अधिकाऱ्याची आणि मराठीवर व्याख्यान देणाऱ्याची मुले कुठल्या शाळेत जातात, ते ती रोज पाहते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नानांनी मुलींची शाळा आपल्या वाड्यात भरवली, म्हणजे खाते स्वतःच्या शाखेत उघडले.

नाना ३१ जुलै १८६५ रोजी वारले. कापसाच्या सट्ट्याचा फुगा त्याच महिन्यात फुटला होता आणि मुंबईतले भले भले धुळीला मिळत होते. त्यांच्या स्मरणार्थ ठेवल्या गेलेल्या शिष्यवृत्तीचा बोलबाला पुढे महाराष्ट्रभर झाला. मॅट्रिकला ती मिळणे म्हणजे घराण्याचे नाव निघणे. १९१२ साली ती पटकावली चिंतामणराव देशमुखांनी, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. आम्हा बँकवाल्यांना ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. शिष्यवृत्ती होती संस्कृतची.