डॅनियल ओकॉनेल : शांततामय सभांचे पुरस्कर्ते

आयर्लंडचे थोर कॅथोलिक नेते डॅनियल ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी केरी परगण्यात झाला. १८२३ साली स्थापन झालेली त्यांची कॅथोलिक असोसिएशन गोरगरिबांच्या दरमहा एक पेनी वर्गणीवर उभी राहिली. १८२९ मध्ये कॅथोलिकांना ब्रिटिश पार्लमेंटची दारे खुली झाली. स्वतंत्र आयरिश पार्लमेंटसाठी त्यांनी १८४३ मध्ये विराट सभा घेतल्या. मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी तारा टेकडीवर लाखो लोक शांतपणे जमले. क्लॉन्टार्फच्या सभेवर मात्र सरकारने आदल्या दिवशी बंदी घातली. रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी सभा रद्द केली. अनेक अनुयायी नाराज झाले; १८४४ मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला. रोमच्या वाटेवर १५ मे १८४७ रोजी जेनोआ येथे त्यांचे निधन झाले. हक्कासाठी झटताना माणसांचे प्राण जपणाऱ्या या श्रद्धावंतास आम्ही वंदन करतो.