बाबासाहेब आंबेडकरांचा मधुमेह व उत्तरायुष्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री, अर्थशास्त्रज्ञ आणि समाजसुधारक होते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात ते मधुमेहाने त्रस्त होते. या आजाराने त्यांची झोप, चालणे आणि दृष्टी यांवर मर्यादा आणल्या. राज्यघटनेची निर्मिती, हिंदू कोड बिल, धम्मदीक्षा आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ही त्यांची मोठी कार्ये याच काळातील आहेत.

पूर्वायुष्य आणि महाड

सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर हा परिसर त्या काळी कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात मोडत असे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. मात्र त्याची अंमलबजावणी झाली नव्हती. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते प्रतिनिधींसह बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल पायी चालत महाडला पोहोचले. २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षे होते. तळ्याचा न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

आजार आणि दुसरा विवाह

प्रथम पत्नी रमाबाई यांचे २७ मे १९३५ रोजी निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षे बाबासाहेब एकटेच राहिले. दिवसरात्र वाचन-लेखन, सततचे दौरे आणि अनियमित विश्रांती अशी त्यांची दिनचर्या होती. १९४७-४८ च्या सुमारास घटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना पायांतील वेदनांमुळे त्यांना झोप लागेनाशी झाली. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतूंना इजा होते आणि पायांत आग, मुंग्या व तीव्र वेदना जाणवतात. हा त्रास रात्री अधिक होतो.

उपचारांसाठी ते मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे जात. याच काळात त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या आणि पुढे ‘माईसाहेब’ या नावाने ओळखल्या गेल्या. बाबासाहेबांचा आहार, औषधे आणि इन्सुलिनची इंजेक्शने यांकडे त्या स्वतः लक्ष देत.

तत्कालीन उपचारांचे स्वरूप

इन्सुलिनचा रुग्णावर पहिला वापर १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे झाला. त्यामुळे मधुमेही रुग्णांचे आयुर्मान वाढले, तरी रोजचे जगणे कष्टाचेच राहिले. काचेची सिरिंज आणि सुई प्रत्येक वेळी उकळून घ्यावी लागे. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र उपलब्ध नव्हते. लघवीच्या तपासणीवरून अंदाज बांधावा लागे. इन्सुलिनचे प्रमाण आणि जेवणाची वेळ यांचा मेळ चुकल्यास साखर एकदम उतरण्याचा धोका असे. त्यामुळे रुग्णाची प्रकृती घरातील माणसांच्या दक्षतेवर फार अवलंबून असे.

सार्वजनिक कार्य

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्यानंतरची वर्षभराची चर्चा, दुरुस्त्या आणि उत्तरे यांचा मोठा भार त्यांनी वाहिला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून आपल्या प्रकृतीची कल्पना दिली आणि दीर्घ उपचार सुरू करण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी इच्छा व्यक्त केली. विधेयक रखडल्याने त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विवाह, वारसा आणि दत्तक यांविषयीचे कायदे पुढे १९५५-५६ मध्ये स्वतंत्रपणे संमत झाले.

१९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर या काळात ते अंथरुणाला खिळून होते. औषधांचे दुष्परिणाम आणि मंदावलेली दृष्टी यांमुळे लेखन-वाचन अवघड झाले. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. या काळात सहायक नानकचंद रत्तू हे सरकारी नोकरी सांभाळून त्यांच्या हस्तलिखितांचे टंकलेखन करीत.

धम्मदीक्षा आणि निधन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी सविता आंबेडकरांसह भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली. त्या वेळी त्यांना चालताना आधाराची गरज भासत होती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केले. ५ डिसेंबरच्या रात्री ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. त्याच रात्री दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी झोपेतच त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबरला मुंबईत दादर येथे त्यांच्या पार्थिवावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

निधनानंतर काही अनुयायांनी सविता आंबेडकरांवर संशय घेतला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले. तथापि त्यांना अनेक वर्षे सार्वजनिक जीवनापासून दूर राहावे लागले. ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आत्मचरित्रात त्यांनी या सहजीवनाचा वृत्तान्त लिहिला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्मृती

महाड येथे बाबासाहेबांचे राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले आहे. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर मोठ्या संख्येने अनुयायी अभिवादनासाठी येतात.