किमान वेतन कायदा: बाबासाहेबांनी मांडला, पण दर ठरायचे कसे?

घटनेचे शिल्पकार ही ओळख इतकी मोठी की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर देशाचे मजूरमंत्री होते हे अनेकांच्या लक्षातच नसते. परळच्या चाळीत त्यांची बरीच वर्षे गेली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरोधात ते कामगारांसह उभे राहिले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते मिळाले आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतन विधेयक आले. कायदा झाला १९४८ मध्ये. तेव्हा ते कायदामंत्री होते, मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे होते.

देशभर एकच आकडा, असा हा कायदा नव्हता. विडी, भातगिरण्या, खडी फोडणे, शेती अशा कामांची यादी होती. म्हणजे जिथे कामगारांची संघटना दुबळी. दर सरकार ठरवी. त्यासाठी मालक व कामगारांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती नेमायची किंवा मसुदा राजपत्रात छापून किमान दोन महिने हरकती मागवायच्या. पाच वर्षांच्या आत फेरआढावा बंधनकारक (व्यवहारात तो अनेकदा रखडला). २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

मूळ कायद्यातले कलम २५ मात्र लक्षात ठेवण्यासारखे. कामगाराने स्वतःहून कमी पगारावर सही केली, तरी तो करार रद्दबातल.