औंधचे राजेसाहेब आणि आमचे बाबा

यमाईच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी औंधला जातो. डोंगरावरच्या संग्रहालयातील चित्रे व मूर्ती पाहून लहानपणी मी कंटाळत असे. ती जमवणाऱ्या राजाला व्यायामाचेही तेवढेच वेड होते, हे मला आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात कळले.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. त्या काळी युजेन सँडो या जर्मन बलवानाचा जगभर बोलबाला होता. तिशीच्या उंबरठ्यावर, १८९७ साली, बाळासाहेबांनी त्याची पुस्तके व उपकरणे मागवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. न करताच नावे ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. पुढे १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. इतर लोक जेव्हा आता आपले वय झाले म्हणून बैठक मारतात, तेव्हा यांनी नवी सुरुवात केली.

नमस्कारात पाठीचा कणा आळीपाळीने पुढे आणि मागे वाकतो, हात व खांदे शरीराचा भार पेलतात आणि श्वास हालचालीबरोबर चालतो. उतारवयात स्नायू झडू लागतात. त्यांना भार लागतो, पण झेपेल एवढाच, आणि मध्ये विसावाही लागतो. नमस्कारांची संख्या व वेग आपल्याच हाती असतात, साधन काहीच लागत नाही.

१९०९ साली ते गादीवर आले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. ही सक्ती मला तितकीशी पटत नाही. उपाशीपोटी शाळेत येणारी मुले मी पाहिली आहेत. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. १९३९ साली, सत्तरीत, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. १३ एप्रिल १९५१ रोजी ८२ व्या वर्षी ते वारले. त्यांच्याहून वर्षाने मोठा असलेला सँडो १९२५ मध्येच, ५८ व्या वर्षी गेला होता. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळते.

हे सारे मी बाबांना सांगितले. ते एक्कावन्न वर्षांचे आहेत, मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांची कंबर धरली की घरातला पैसा थांबतो आणि माझी फीही. ते हसले. दिवसभर पोती वाहणाऱ्याला आणखी कसला व्यायाम, असे त्यांचे म्हणणे. राजाला दूध होते, झोप होती, हेही त्यांनी सुनावले. ते खोटे नव्हते. मी एवढेच म्हणालो, की पोत्याखाली पाठ पुढेच वाकते, मागे कधीच जात नाही. ते गप्प झाले.

डॉक्टरांना विचारून दिवाळीपासून ते आंघोळीआधी चार नमस्कार घालतात. आता सहावर आले आहेत. यार्डाला सुट्टी असेल त्या दिवशी मात्र घालत नाहीत, नुसते पडून राहतात.