एव्हरेस्ट सगळ्यांना माहितीय, पण भारत मोजायला काढणारा माणूस हिंगणघाटात विसावलाय

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात राजूर नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणीमुळं ओळखलं जाणारं. आज मोबाईलवर नाव टाकलं की दोन सेकंदांत ते नकाशावर दिसतं. पण उपग्रह नव्हते तेव्हा कुठलं गाव नेमकं कुठं आणि कुठला डोंगर किती लांब, हे ठरवायचे कसे?

हे काम भारतात ज्यानं सुरू केलं त्याची कबर राजूरपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, वर्धा नदीपलीकडं हिंगणघाटात आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडच्या यॉर्कशायरचा. ब्रिटिश फौजेतून तो अमेरिकेत लढला आणि 1781 मध्ये यॉर्कटाऊनला कैद झाला. पुढं कॅनडात त्यानं जमीनमोजणी केली आणि गणिताचा नाद लागला तो कायमचाच.

1799 मध्ये तो टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत होता. एका रात्री इंग्रजांची तुकडी वाट चुकून शत्रूच्या छावणीकडंच निघाली. आकाशातले तारे बघून लॅम्बटनला ही चूक कळली आणि तुकडी वाचली.

लढाई संपल्यावर त्यानं सगळा दक्षिण भारत मोजायचा प्रस्ताव मांडला. मद्रासमधल्या काहींना हा खर्च वायफळ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीवाल्यांना रस्ता माहीत आहेच, मग नकाशा कशाला, असा त्यांचा सवाल होता.

तरीही 10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ काम सुरू झालं. पद्धत सोपी होती. जमिनीवरची एक रेषा साखळीनं अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून लांबचा डोंगर किंवा देवळाचं शिखर बघून कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. पहिली रेषा साडेसात मैलांची होती. ती मोजायला 57 दिवस लागले!

कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, तब्बल अर्ध्या टनाचं. ते आणणारं जहाज फ्रेंचांनी पकडलं होतं, पण यंत्र नंतर परत मिळालं. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळलं. लॅम्बटननं सहा आठवडे खपून ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं.

निकालही तसाच निघाला. मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांत सुमारे 40 मैल जास्त दाखवलं होतं, हे या मोजणीतून कळलं.

अर्थात कंपनी सरकार हे पुण्य म्हणून करत नव्हतं. फौज हलवायला आणि मुलखावर पकड ठेवायला त्यांना नकाशे हवे होते. आणि जड यंत्रं वाहणारे, जंगलात तापानं मरणारे बहुतेक लोक इथलेच होते. त्यांची नावं कुठंच नाहीत.

1818 मध्ये लॅम्बटनच्या हाताखाली एक तरुण अधिकारी आला, जॉर्ज एव्हरेस्ट. तोवर लॅम्बटन म्हातारा झाला होता, पण थांबला नव्हता. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना वाटेतच तो खचला आणि 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटात गेला. तोवर आजच्या महाराष्ट्राहून मोठा मुलूख मोजून झाला होता.

पुढं एव्हरेस्टनं ही त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिच्याच आधारानं जगातलं सर्वात उंच शिखर सापडलं आणि 1856 मध्ये त्याला एव्हरेस्टचं नाव सुचवलं गेलं.

लॅम्बटनच्या नावाचं मात्र शिखर नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ भारताचे नकाशे त्यानं सुरू केलेल्या मोजणीवर उभे राहिले. विदर्भातून नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणाऱ्या कितीजणांना माहीत असतं, की वाटेतल्या हिंगणघाटात तो माणूस विसावलाय?